हौसाबाईचा श्वास

आमच्या पहिल्या पेशंटचा श्वास वेल्डरताईंच्या उजव्या पायात होता. ताईंनी पाय दाबला की पेशंटची छाती वर यायची, सोडला की खाली बसायची. मिनिटाला बारा म्हटलं तर बारा, छत्तीस म्हटलं तर छत्तीस, आणि दम लागलेल्या माणसासारखं तुटक तुटक हवं असेल तर तसंही. हिरव्या पडद्यामागे प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून, एका कानात इयरफोन घालून ही बाई तासन्‌तास दुसऱ्याचा श्वास घ्यायची आणि मधल्या सुट्टीत पोटरी चोळत विचारायची, "आज कशी मेले वो मी? बरी मेले का?"

ही गोष्ट कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतली. मी तेव्हा पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर. मला, निनादला आणि फरहीनला पुण्याच्या कॉलेजातून दौंडला पाठवलं होतं, घाईघाईने उभ्या केलेल्या एका कोविड रुग्णालयात. तिथे सहा व्हेंटिलेटर येऊन पडले होते. खाटा होत्या, ऑक्सिजन होता, कोऱ्या चादरीही होत्या. नव्हता तो भूलतज्ज्ञ. जे यायचे होते ते आमचे सर स्वतःच पॉझिटिव्ह होऊन पुण्यात घरात अडकले होते. गुदमरणाऱ्या माणसाच्या घशात नळी घालून त्याला व्हेंटिलेटरवर घ्यायचं, हे काम कोविडच्या काळात सगळ्यांत मुरलेल्या हातांनी करायचं आणि आम्ही लांबून बघायचं, असा तोवरचा शिरस्ता. आम्हा तिघांचा मिळून अनुभव मोजून चार नळ्यांचा, आणि चारही वेळा पाठीशी कोणीतरी मोठं उभं.

दहा दिवसांची मुदत मिळाली. सरांनी घरून, फोनवरून आम्हाला तयार करायचं आणि दहाव्या दिवशी परीक्षा घ्यायची. सर हो म्हणाले तर वॉर्ड उघडणार, नाहीतर सहाच्या सहा व्हेंटिलेटर दुसरीकडे जाणार. इकडे रोज आमच्या डोळ्यांदेखत ॲम्ब्युलन्स पुण्याच्या रस्त्याला लागत होत्या, कुठेतरी खाट मिळेल या आशेवर. त्यांतल्या काही खाट न मिळता परत आलेल्या मी पाहिल्या होत्या. त्यामुळे ही परीक्षा नुसती आमची नव्हती, हे आम्हाला कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

पण सराव करायचा कशावर? कॉलेजचा सरावाचा पुतळा कॉलेजातच पुरत नव्हता. व्हरांड्यात उभी राहून मी स्पीकरवर सरांपुढे हे रडगाणं गात होते, आणि शेजारी एक बाई सिलिंडरच्या स्टँडला वेल्डिंग मारत होती. पंजाबी ड्रेसवर खाकी शर्ट, मनगटापासून कोपरापर्यंत ठिणग्यांचे बारीक डाग. तिने चेहऱ्यावरचा पत्रा वर केला आणि म्हणाली, "पुतळाच पायजे ना? मंग एवढं तोंड पाडायला काय झालं मॅडम? बनवू की!"

सरांनी पलीकडून विचारलं, "कोण बोलतंय?"

"जयभीम सर. मी केडगावची वेल्डर. घसा आतून कसा असतोय तेवढं कुनीतरी काढून दावा, बाकी माझ्याकडं लागलं."

अशा त्या आमच्यात आल्या. मूळच्या शिरूर तालुक्यातल्या, पाबळच्या तंत्रशाळेत वेल्डिंग शिकलेल्या, मग कारेगावच्या कारखान्यात बरीच वर्षं काढून शेवटी केडगावला चौफुल्याच्या रस्त्यावर स्वतःचं शॉप टाकलेल्या. शॉपमध्ये हाताखाली दोघीजणी, त्याही बायकाच. गेट, ग्रिल, पाण्याच्या टाकीचे स्टँड ही रोजची कामं. पण नवीन काम समोर आलं की ताईंच्या अंगात यायचं. डोळे लकाकायचे, बोलण्याचा वेग दुप्पट व्हायचा, आणि "थांबा थांबा थांबा" म्हणत त्या खिशातून खडू काढून जमिनीवरच चित्र काढायला बसायच्या. मी घशाची आकृती काढून दिली, तर म्हणाल्या, "चित्र खोटं बोलतं. तोंड उघडा." आणि मी आ करताच त्यांनी व्हर्नियर कॅलिपर लावून माझा जबडा मोजला! एमबीबीएसच्या साडेपाच वर्षांत माझ्या जबड्यात एवढा रस कोणी घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या टेम्पोतून पेशंट घेऊन आल्या. लॉकडाउनमध्ये बंद पडलेल्या साडीच्या दुकानातला तो पुतळा होता. गोरीपान, उंच मानेची, हसरी बाई. तिचं तोंड ताईंनी ग्राइंडरने कापून उघडलं होतं, पण ओठांची लाली तशीच ठेवली होती. आत मऊ रबराचा घसा आणि घशाच्या तळाशी दोन वाटा. एक फुप्फुसांची, तिथे कापलेल्या छातीखाली फुटबॉलचे दोन ब्लॅडर, पडद्यामागच्या पायपंपाला नळीने जोडलेले. दुसरी पोटाची. खऱ्या माणसात नळी चुकून पोटाच्या वाटेला गेली की घात होतो, हे मी त्यांना सांगितलं होतं. ते त्यांनी मनावर घेतलं आणि पोटात लहान मुलाच्या खेळण्यातली शिट्टी बसवली. नळी चुकली की पहिल्याच फुंकरीला पेशंटच्या पोटातून 'पीं' असा आवाज यायचा. पहिल्या दिवशी निनादने अकरा वेळा शिट्टी वाजवली. माझ्या किती झाल्या ते मी मोजलं नाही, आणि निनादने मोजलं असेल तर त्याने ते स्वतःपाशीच ठेवावं.

पेशंटचं नाव हौसाबाई. ते ताईंनीच ठेवलं. "बिननावाच्या मान्साला कोन वाचवतंय?" एवढंच त्यांचं म्हणणं.

आमचा वर्ग असा भरायचा. सलाइनच्या स्टँडला मोबाइल बांधलेला, त्यातून सर पुण्याहून आम्हाला बघायचे. उशाशी एक लॅपटॉप, त्याच्यावर हौसाबाईच्या नाडीची रेघ आणि ऑक्सिजनचा आकडा. तो आकडा सर घरबसल्या खाली-वर करायचे. आणि पडद्यामागे ताई. त्यांच्या कानात सर वेगळ्या फोनवरून हळूच सांगायचे, "आता खोकला", "आता घाबरवा", "आता दम वाढवा". नेट मात्र दौंडचं. आम्ही केलेली गोष्ट सरांना तीन-चार सेकंदांनी दिसायची, त्यामुळे सरांची शाबासकी नेहमी आमच्या पुढच्या चुकीवर येऊन पडायची. मी नळी बरोबर घालून ती धरायला विसरले, नळी निसटून बाहेर आली, आणि नेमकं तेव्हाच फोनमधून सर ओरडले, "वा! सुंदर! असंच!" पडद्यामागे ताई हसून हसून स्टुलावरून खाली यायच्या बाकी राहिल्या, आणि त्या नादात हौसाबाईला भलताच दम लागला.

ताईंना एक खोड होती. जोडलेली कुठलीही गोष्ट त्या ओढून बघायच्या. दाराची कडी, स्टँडचं चाक, खाटेचा पाय, काहीही. "बसलं म्हंजी झालं असं न्हाई, ताण देऊन बघायचं," असं म्हणत चालता चालता हिसका द्यायच्या. आम्ही हौसाबाईच्या ओठाशी नळी चिकटपट्टीने बांधली की ताई पडद्यामागून यायच्या, दोन बोटांत नळी धरायच्या आणि ओढायच्या. पहिले तीन दिवस ती दर वेळी त्यांच्या हातात आली. "हे बगा," नळी नाचवत त्या म्हणायच्या, "दम मिळावा म्हनून बाईला पालथी घालताना ही अशीच निघाली आसती, आन् तुमी तिकडं कागद लिहीत बसला आसता." चौथ्या दिवशी फरहीनने अशी पट्टी मारली की ताईंनी दोनदा हिसका दिला तरी नळी हलली नाही. त्या दिवशी त्यांनी फरहीनच्या पाठीत एवढी जोरात थाप मारली की तिचा चष्मा खाली पडला.

सरांनी एकदा फोनवर लिहून पाठवलं, पेशंट घाबरलेला आहे आणि सहकार्य करत नाही. ताईंनी ते वाचून घेतलं आणि मान डोलावली. मी खाटेपाशी जाऊन माझ्या सगळ्यात गोड आवाजात सुरुवात केली, "आजी, आपल्या श्वसननलिकेत एक नळी टाकावी लागेल, आपली संमती आहे ना?"

पडद्यामागून हौसाबाई म्हणाली, "म्हंजी मी मरनार व्हय?"

मी निनादकडे बघितलं, निनादने फोनमधल्या सरांकडे. 

"आवं बोला की! नळी घातल्यावर मानूस परत बोलतंय का न्हाई? माझ्या लेकीला फोन लावू द्या आदी. आन् तुमी कोन? तुमचं तोंड तर दिसंना मला. त्या पिशवीत नेमकं कोन हाय?"

पीपीई किटच्या आत मी पुस्तकातली वाक्यं आठवून बघितली. पुस्तकात या प्रश्नांची उत्तरं नव्हती. शेवटी मी संमतीचा कागद खाली ठेवला, त्या लालचुटूक ओठांच्या पुतळ्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मावशी, श्वास ओढून ओढून तुम्ही दमलाय. थोडे दिवस मशीन तुमच्यासाठी श्वास घेईल, तुम्ही झोपा. मी इथेच आहे. आधी लेकीशी बोला."  पडद्यामागून नुसतं, "बरं. लावा फोन." ते वाक्य मी त्यानंतर किती जणांना म्हटलं असेल! खऱ्या माणसांना, खऱ्या लेकींच्या देखत. पण शिकले ते तिथे.

आता सातव्या दिवसाचं सांगते. आम्ही फॉर्मात आलो होतो. शिट्टी वाजायची बंद झाली होती, हात बसले होते, आणि मी तुकडीची प्रमुख म्हणून जरा जास्तच मोठ्या आवाजात हुकूम सोडायला लागले होते. त्या दिवशी हौसाबाई मिनिटाला छत्तीस श्वास घेत होती. ऑक्सिजनचा मास्क लावल्यावर लॅपटॉपवरचा आकडा वर चढला आणि शहाण्णववर येऊन थांबला. छान. आम्ही निवांतपणे नळीची तयारी सुरू केली. औषधं भरली, यादी वाचली. कुठलं औषध आधी द्यायचं यावरून माझी आणि निनादची जुंपली. मध्येच फरहीन म्हणाली, "श्वास कमी झालाय, आराम पडतोय वाटतं." मी लॅपटॉपकडे बघून म्हणाले, "शहाण्णव आहे. मस्त." आणि पुन्हा निनादशी भांडायला लागले.

मग पडदा सरकला. ताई बाहेर येऊन उभ्या राहिल्या. चेहरा गंभीर.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "बाई मरून चार मिंटं झाली."

आम्ही लॅपटॉपकडे बघितलं. शहाण्णव. रेघ झोकात पळत होती. मग फोनकडे बघितलं. सरांचा चेहरा अर्धा उघडलेल्या तोंडाने गोठला होता. नेट केव्हाच गेलं होतं. लॅपटॉप बिचारा शेवटी मिळालेला आकडा धरून बसला होता. आणि ताईंच्या कानात नेट जाण्याआधी सरांचं शेवटचं वाक्य पडलं होतं, "ताई, आता दमवा तिला." ताईंनी इमानेइतबारे दमवलं. छत्तीसचे वीस केले, विसाचे आठ, आठाचे दोन, आणि मग पाय उचलून घेतला. आमच्यापासून हातभर अंतरावर हौसाबाईची छाती थांबली, आणि आम्ही 'आराम पडतोय' म्हणालो.

मी चिडलेच. "ताई, तुम्हाला एक हाक मारता येत नव्हती?"

ताईंनी माझ्याकडे जरा नवलाने बघितलं. "पेशंट कुठं हाक मारतोय मॅडम, मी गेले म्हनून?"

मी बाहेर जाऊन व्हरांड्यात उभी राहिले.  फुटबॉलचे दोन ब्लॅडर आणि रबराचा एक घसा, यांच्यासाठी मी रडत होते, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. थोड्या वेळाने ताई आल्या, शेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कारखान्यात एक गेज होता. सुई नेमानं हिरव्यात. साहेब लोक खूश. पर मशिन तापलं की मला वास यायचा. मी सुईला विचारत न्हवते, मशिनला हात लावायची. तुमी आकड्याला विचारताय. बाईला इचारा." आणि उगीच पाठीवरून हात वगैरे न फिरवता त्या आत निघून गेल्या.

नेट आलं. सरांनी विचारलं, "काय झालं मध्ये?" निनादने माझ्याकडे बघितलं. नेटवर ढकलता आलं असतं, आणि ते अगदीच खोटंही नसतं. परीक्षा तीन दिवसांवर होती. पण मी सांगितलं, "सर, पेशंट गेली. आम्ही आकडा बघत बसलो, तिच्याकडे बघितलंच नाही."  तीन-चार सेकंद नेटचे गेले. मग सरांना खोकल्याची उबळ आली, आणि ती ओसरल्यावर ते जवळजवळ ओरडलेच, "ताईंना बोलवा! उद्यापासून लॅपटॉप भिंतीकडे तोंड करून ठेवा. मी आकडा देणार नाही. ताई, तुम्हाला वाटेल तेव्हा वाटेल ते करा!"

"वाट्टंल ते?" ताईंचे डोळे लकाकले.

"वाटेल ते."

पुढचे दोन दिवस ताईंनी आमचा जो जीव काढला! जेवणाच्या सुट्टीत, हात धुताना, निनाद घरी फोनवर बोलत असताना, केव्हाही हौसाबाईचा श्वास बिघडायचा. आम्ही घास टाकून धावायचो. कधी एकच बाजू हलायची, कधी दोरीने ओढलेले खांदे नुसते उडायचे आणि छाती जागच्या जागी. आमच्या नजरेला अशी सवय लागली की चहा घेतानाही आम्ही एकमेकांच्या छातीकडे बघायला लागलो, आणि फरहीनने निनादला सांगून टाकलं की तू मिनिटाला अठरा घेतोस, जरा वजन कमी कर. दमत होतो, पण सकाळी उठल्यावर कधी एकदा वॉर्डात जातो असं व्हायचं. त्या भयंकर महिन्यात मी एवढी आनंदात होते, हे आजही कोणाला सांगायला संकोच वाटतो. पण होते.

दहाव्या दिवशी परीक्षा. लॅपटॉप भिंतीकडे, सर फोनमध्ये, ताई पडद्यामागे. हौसाबाई धापा टाकत होती. मग ती हळूहळू शांत होऊ लागली, आणि मी निनादचं वाक्य अर्ध्यावर तोडलं, "ती दमलीये. आत्ता." पुढचं सगळं झरझर झालं. तोंड उघडलं, जीभ बाजूला सारली, नळी आत. शिट्टी नाही. दोन्ही बाजू उठल्या. फरहीनने पट्टी मारली आणि ताई यायच्या आत स्वतःच ओढून बघितली.

सर म्हणाले, "माझं हो आहे. ताई, तुमचं?"

ताई पडद्याबाहेर आल्या, मास्क नीट केला, पाय झटकला. "मी कोन सांगनार सर? पर उद्यापासून मी येत न्हाई. हितं आता माझं काम ऱ्हायलं न्हाई. खरी मान्सं येऊ द्या." आणि हौसाबाईला खांद्यावर टाकून त्या चालू लागल्या. आम्ही तिघंही दारापर्यंत गेलो, पण आभार मानायला तोंड उघडेपर्यंत टेम्पो सुरू झाला होता.

वॉर्ड उघडल्यावर तिसऱ्या दिवशी पहिला खरा पेशंट नळीवर घ्यावा लागला. कारेगावला कारखान्यात माल चढवणारा, बिहारकडचा सत्तावीस वर्षांचा जवान माणूस. शिरूरला खाट मिळाली नाही म्हणून इकडे आणलेला. आकडा फार वाईट नव्हता, पण तो गप्प गप्प होत चालला होता, आणि मला ते पटेना. मी त्याचा हात धरला. "भैया, आप थक गये हो. कुछ दिन मशीन साँस लेगी, आप सो जाओ. पहले घर बात कर लो." त्याने आईला फोन लावला आणि ती काय सांगते ते ऐकत राहिला. मग नळी घातली. मी घातली, पहिल्या प्रयत्नात, आणि पाठीशी कोणी मोठं उभं नव्हतं.

आता मी कॉलेजात नव्या मुलांना शिकवते. तिथला सरावाचा पुतळा परदेशी आहे, त्याला घामसुद्धा येतो. मुलं हुशार आहेत. माझ्याहून भराभर शिकतात. मी त्यांना बजावते की पेशंटला नाव द्या आणि बांधलेली नळी ओढून बघा, आणि कोणी नुसतं मॉनिटरकडे डोळे लावून बसला की माझा आवाज चढतो. मॅडमना हे वेड कुठून लागलं, असं ती आपापसांत बोलत असणार. ताई अजून केडगावलाच आहेत, शॉप वाढवलंय, हाताखाली आता पाचजणी आहेत. आमचं बोलणं सणासुदीला, तेही दोन मिनिटं. त्यांना फोनवर गप्पा मारायला जमत नाही.

पण एक फोन मला जन्मभर पुरेल. तो कारेगावचा माणूस आठ दिवस मशीनवर होता. नवव्या दिवशी सकाळी त्याची नळी काढली. तासाभराने मी त्याच्याजवळ गेले, तर तो उशीला टेकून बसला होता. घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मॅडम, चाय मिलेगी?" मी वॉर्डाबाहेर पळत आले, किट उतरवलं आणि ताईंना फोन लावला. पलीकडे ग्राइंडरचा कर्कश आवाज.

"हालो! मोठ्यानं बोला, काय ऐकू येईना!"

"ताई, तो उठून बसला!" मी व्हरांड्यात बोंबललेच. "नळी काढली! स्वतःचा स्वतः श्वास घेतोय! चहा मागतोय, ताई, चहा!"

पलीकडे नुसता ग्राइंडर. मला वाटलं त्यांना ऐकूच आलं नाही. तेवढ्यात ताईंचा आवाज आला, माझ्याशी नव्हे, शॉपमधल्या त्या दोघींशी, रस्त्यापलीकडे जाईल एवढा मोठा आणि मध्येच फाटलेला:

"ए, बंद करा गं मशिनी! आपला पेशंट चहा मागतोय!"